इटली पहिल्यांदाच, ट्रेननं, मुलं आणि सासूबाई सोबत: किती शहरं करावीत?

सोनचाफा

नमस्कार मंडळी,

मेच्या मध्यात इटलीला जायचं ठरतंय. युरोपात आम्ही सगळेच पहिल्यांदा चाललोय, त्यामुळे वाचून वाचून डोकं पार भंजाळलंय. आम्ही पाच जण आहोत, आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा आणि सासूबाई. सासूबाईंची तब्येत छान आहे पण गुडघे दुखतात, सपाटीवर हळूहळू कितीही चालतील, जिने मात्र नको होतात.

हातात आठ रात्री आहेत. नवऱ्यानं यादी केलीये ती अशी: रोम, नेपल्स आणि पॉम्पेई, फ्लोरेन्स, पिसा, व्हेनिस, मग मिलानहून परतीचं विमान. कागदावर सगळं बसतंय कारण ट्रेन फास्ट आहेत म्हणे, पण मला आतून वाटतंय की हे जास्त होतंय. विमानाची तिकिटं अजून काढलेली नाहीत, म्हणजे बदल करायला वाव आहे.

माझे प्रश्न:
शहरं कमी करायची तर कुठली काढू? रेल्वे पास घ्यावा का सुटी तिकिटं? दोन कंपन्यांच्या ट्रेन दिसतायत, त्यात फरक काय? व्हेनिसमध्ये हॉटेलं फार महाग आहेत तर मेस्त्रेला, म्हणजे व्हेनिस बेटाच्या अलीकडच्या जमिनीवरच्या भागात, राहिलं तर चालेल का? आणि सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही नाही.

सविस्तर सांगितलंत तर खूप बरं होईल.

---

रुळावरचा

ताई, तुमचं आतून वाटतंय ते बरोबर आहे. आठ रात्रींत तीन शहरं करा, रोम, फ्लोरेन्स आणि व्हेनिस, बाकी सगळं काढा.

ट्रेन फास्ट आहेत यात वादच नाही. रोम ते फ्लोरेन्स साधारण दीड तास, फ्लोरेन्स ते व्हेनिस सव्वादोन तासांच्या आत. पण शहर बदलायचा दिवस म्हणजे फक्त ते दीड-दोन तास नसतात ना. सकाळी बॅगा भरायच्या, मुलांचं आवरायचं, चेकआउट, स्टेशनवर पोचायचं, तिकडे उतरून हॉटेल शोधायचं, दुपारशिवाय रूम मिळत नाही म्हणून सामान ठेवायचं आणि मग जेवायला कुठंतरी टेकायचं, म्हणजे दुपारचे तीन वाजलेच समजा. पाच जणांच्या घरात तर नक्कीच. यादीत जितकी हॉटेलं तितके अर्धे दिवस गेले असं धरून चाला, मग सहा शहरांच्या यादीत खरं फिरायला काय उरतं ते दिसेल.

मी असं करेन: रोम चार रात्री, फ्लोरेन्स दोन, व्हेनिस दोन. विमान रोमला उतरणारं आणि व्हेनिसहून परतीचं घ्या, एकाच बुकिंगमध्ये जाण्याचं शहर वेगळं आणि येण्याचं वेगळं घेता येतं. म्हणजे उलटं रोमला यायला नको आणि मिलानचाही प्रश्न मिटला. मिलान वाईट आहे असं नाही, कॅथेड्रलच्या गच्चीवर जाता येतं ते तर फार सुंदर आहे, पण पहिल्या ट्रिपला या तीन शहरांतली एक रात्र काढून मिलानला द्यावी असं मला तरी वाटत नाही.

पास घेऊ नका. पास असला तरी फास्ट ट्रेनला सीटचं रिझर्व्हेशन वेगळे पैसे देऊन करावंच लागतं. तुमचे मोठे प्रवास दोनच आहेत, सुटी तिकिटंच परवडतील.

कंपन्या दोन. ट्रेनइतालिया ही सरकारी, तिची फास्ट ट्रेन म्हणजे फ्रेचारोसा. इतालो खासगी, २०१२ पासून धावतीये. रूळ तेच, स्टेशनं बहुतेक तीच, वेळही जवळपास सारखाच, त्यामुळे ज्याची वेळ आणि भाव बरा ते घ्या. फक्त एकाचं तिकीट दुसऱ्याच्या गाडीत चालत नाही हे लक्षात असू द्या. भाव विमानासारखे वरखाली होतात, आधी काढलं तर खूप स्वस्त पडतं. पण सगळ्यात स्वस्त भाड्यात पैसे परत मिळत नाहीत, म्हणून विमान पक्कं झाल्याशिवाय काढू नका.

मुलांचं एक बघा. ट्रेनइतालियाच्या फास्ट गाड्यांना कुटुंबासाठी एक ऑफर असते, दोन ते पाच जणांच्या ग्रुपमध्ये १५ वर्षांखालची मुलं फुकट. तुम्ही बरोब्बर पाच आहात. पण त्यात मोठ्यांना पूर्ण भाडं पडतं, सवलतीचं नाही. लवकर काढत असाल तर पाचही जणांची स्वस्त तिकिटं एकीकडे आणि तीन मोठ्यांची पूर्ण भाड्याची दुसरीकडे असं दोन्ही करून बघा. बरेचदा स्वस्त तिकिटंच जिंकतात, ऐनवेळी काढलं तर मात्र ऑफर बरी पडते. इतालोकडेही मुलांसाठी अशीच ऑफर असते, तीही बघून घ्या.

---

अनघा_लिहिते

वरच्या सगळ्याला अनुमोदन. मी स्टेशनचं सांगते कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथंच गडबडायला होतं.

तिकीट काढताना स्टेशनचं पूर्ण नाव बघ. रोमला रोमा तेर्मिनी हवं, काही गाड्या तिबुर्तिनाला थांबतात. फ्लोरेन्सला फिरेन्झे सांता मारिया नोव्हेल्ला हवं, काही गाड्या काम्पो दि मार्ते किंवा रिफ्रेदीवरूनच पुढे जातात आणि ती दोन्ही मध्यवस्तीपासून लांब आहेत. व्हेनिसला व्हेनेत्सिया सांता लुचिया हवं. त्याच्या आधी व्हेनेत्सिया मेस्त्रे येतं, ते जमिनीवरचं, तिथं व्हेनिस दिसलं म्हणून गडबडीत उतरणारी माणसं दर वेळी दिसतात. मेस्त्रेनंतर गाडी पाण्यावरच्या लांब पुलावरून जाते, मुलांना तेव्हा खिडकीशी बसव.

तेर्मिनीला मोठ्या बोर्डावर गाडीचा नंबर शोधायचा, शहराचं नाव नाही. बोर्डावर शेवटच्या स्टेशनचं नाव असतं, त्यामुळे फ्लोरेन्सला जाणाऱ्या गाडीसमोर व्हेनेत्सिया किंवा मिलानो लिहिलेलं असेल. बिनारियो म्हणजे प्लॅटफॉर्म, तो नंबर बरेचदा गाडी सुटायच्या दहा-पंधरा मिनिटं आधीच लागतो, तोवर सगळी गर्दी माना वर करून उभी असते. नंबर लागला की एकदम लोंढा सुटतो. सासूबाईंना आधीच प्लॅटफॉर्मच्या गेटजवळ उभं कर, गेटवर तिकीट बघतात आणि मगच आत सोडतात, त्यामुळे सगळ्यांची तिकिटं एकाच्याच फोनवर असतील तर सगळ्यांनी एकत्रच जायचं. डब्याचा नंबर म्हणजे कारोझ्झा. गाडी लांबलचक असते, तुमचा डबा पार पुढच्या टोकाला असू शकतो, म्हणून आधी चालत डब्यापाशी जा आणि मग चढा, आतून सामान ओढत डबे बदलणं फार त्रासाचं. दारं सुटायच्या वेळेच्या एक-दोन मिनिटं आधीच बंद होतात.

सासूबाईंसाठी मोठ्या स्टेशनांवर साला ब्लू नावाची मदतसेवा असते, फुकट. व्हीलचेअर देतात, गाडीत चढायला लिफ्ट लावतात. ज्यांना चालायला-चढायला त्रास होतो अशा वयस्कर माणसांनाही मिळते, पण आधी कळवावं लागतं. फ्रेचारोसात चढायला दोनतीन पायऱ्या असतात, त्या जमत असतील तर गरज नाही.

सामान: हमाल मिळेल असं धरू नकोस, बॅगा आपणच चढवायच्या. डब्याच्या टोकाला रॅक असतो आणि सीटच्या वर जागा असते. माणशी एक केबिन साइज बॅग, मुलाची तर पाठीवरचीच. पाच जणांत दोन मोठ्या आणि दोन छोट्या झाल्या तरी खूप आहे. बॅग टोकाच्या रॅकवर असली की स्टेशन आल्यावर कुणीतरी तिच्यावर नजर ठेवायची.

---

कंदील

मेस्त्रेबद्दल माझं मत जरा वेगळं असेल पण मनापासून सांगतो, व्हेनिसला दोन रात्री असतील तर बेटावरच राहा. मेस्त्रेहून ट्रेननं दहा-बारा मिनिटंच लागतात हे खरं, पण लहान मूल आणि आजी बरोबर असताना दुपारी दोन तास खोलीवर जाऊन पडता येणं ही तिथली सगळ्यात मोठी चैन आहे, आणि ती मेस्त्रेहून जमत नाही. शिवाय दिवसाच्या ट्रिपवाले संध्याकाळी निघून जातात, मग गल्ल्या मोकळ्या होतात. व्हेनिस बघायचं ते तेव्हा, आणि भल्या सकाळी.

आता गुडघ्यांचं. व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेक सगळ्यांना पायऱ्या. त्यामुळे हॉटेल कुठल्या भागात हे बघण्याआधी स्टेशनपासून तिथपर्यंत किती पूल लागतात ते नकाशावर मोजा. सांता लुचियाच्या बाहेर आलात की समोरच ग्रँड कॅनाल, डावीकडे वळलं की लिस्ता दि स्पान्या नावाचा रस्ता लागतो, तो सांजेरेमियाच्या चौकापर्यंत जातो आणि त्याच्यापुढे गुल्ये पूल. या पुलाच्या अलीकडचं कुठलंही हॉटेल घेतलं तर स्टेशनपासून खोलीपर्यंत एकही पूल नाही, बॅगा सरळ ओढत न्यायच्या. भाग जरा टुरिस्टी आहे, समोरच्या हॉटेलांत जेवू नका, पण तुमच्या घरासाठी याच्याइतकी सोयीची जागा नाही.

तिथून पुढे वापोरेत्तो, म्हणजे पाण्यावरची बस. एक नंबरची बोट ग्रँड कॅनालमधून प्रत्येक थांबा घेत हळूहळू सॅन मार्को या मुख्य चौकापर्यंत जाते, पाऊण तास लागतो आणि तोच निम्मा व्हेनिस बघून होतो. सुटं तिकीट साडेनऊ युरो, ७५ मिनिटं चालतं, महाग आहे, म्हणून २४ तासांचा पास घ्या, तो २५ युरो. सहा वर्षांखाली फुकट, म्हणजे धाकट्याचं लागणार नाही. चढताना तिकीट मशीनला टेकवायला विसरू नका.

अजून एक, एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी, बहुतेक शुक्रवार ते रविवार, व्हेनिसला फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश फी असते, आधी भरली तर पाच युरो, ऐनवेळी दहा. रात्री राहणाऱ्यांना माफ आहे, पण त्यासाठी ऑनलाइन फॉर्म भरून माफीचा क्यूआर कोड काढून ठेवावा लागतो. १४ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

---

सोनचाफा

बापरे, किती छान आणि कामाचं सांगितलंत सगळ्यांनी! लिस्ता दि स्पान्यावरची हॉटेलं बघायला लगेच घेतली.

मिलान काढलं. नवरा तयार झाला, पण पॉम्पेईवर अडून बसलाय आणि मुलगी त्याच्या बाजूनं आहे, शाळेत ज्वालामुखी झाल्यापासून तिच्या डोक्यात तेच आहे. आणि पिसाचा मनोरा बघायचाच असं धाकट्याला कुणीतरी सांगून ठेवलंय. दोन्ही काढले तर घरात बंड होईल. एखादं तरी जमेल का?

---

रुळावरचा

पॉम्पेई जमेल, रोममधूनच एका दिवसात, आणि मुक्काम हलवायचा नाही. रोम चार रात्री सांगितलं ते त्यासाठीच बरं. तेर्मिनीहून नेपल्स सेंट्रल सव्वा तासाच्या आत, तिथं खालच्या स्टेशनवरून चिर्कुमव्हेसुव्हियाना नावाची लोकल पॉम्पेई स्कावीपर्यंत, पाऊण तास धरा. उतरलं की प्रवेशदार समोरच. ही लोकल मात्र जुनी आणि गच्च भरलेली असते, पाकीट-मोबाइल पुढच्या खिशात, आणि आपल्या लोकलची सवय असेल तर काहीच वाटणार नाही.

पण आत सावली जवळजवळ नाही, आणि रस्ते इसवी सन ७९ चे आहेत तसेच, मोठमोठ्या उंचसखल दगडांचे. मुलीला तिथल्या रस्त्यावर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खाचा नक्की दाखवा, आणि रस्ता ओलांडायला ठेवलेले उंच दगड, त्यांच्या मधून चाकं जातील एवढं अंतर सोडलंय. सासूबाईंना मात्र हा दिवस सोपा नाही. आमफितेआत्रोच्या, म्हणजे जुन्या गोल खुल्या प्रेक्षागृहाच्या, बाजूच्या दारातून एक सपाट केलेला मार्ग आहे, पॉम्पेई सगळ्यांसाठी या नावाचा, तो व्हीलचेअरसाठीच बांधलाय, पण स्टेशनसमोरचं दार वेगळं आहे, चालत बरंच जावं लागतं. सरळ दोन गट करा: तुमचे मिस्टर आणि लेक पॉम्पेईला, तुम्ही तिघं त्या दिवशी रोममध्येच आरामात.

---

अनघा_लिहिते

हो, दोन गट करणं उत्तम, सगळ्यांनी सगळं बघायलाच हवं असं नाही.

पिसाचं सांगते. फ्लोरेन्सहून साध्या रेजिओनाले गाडीनं तासाभराचं आहे, अर्ध्या दिवसात होतं. पण आठ वर्षांखालच्या मुलांना मनोऱ्यावर चढू देत नाहीत, त्यामुळे धाकट्याला वर नेता येणार नाही हे निघण्याआधीच सांगून टाक, तिथं जाऊन रडारड नको. खाली हिरवळीवर मुलं मजेत असतात, त्याला तेवढंही पुरेल. पिसा सान रोस्सोरे स्टेशनला उतरलं तर मनोरा चालत जवळ आहे, मुख्य स्टेशनहून वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत, बघून घे.

आणि हे नीट वाच. रेजिओनालेचं भाडं ठरलेलं असतं, आधी काढायची गरज नाही, सीट नंबर नसतो. पण कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर वेळेचा शिक्का मारायचा असतो. फोनवर काढलं असेल तर चढण्याआधी त्यातलं चेक-इन करायचं. नाही केलं तर तिकीट असूनही दंड होतो, आणि टीसी टुरिस्ट म्हणून सोडतातच असं नाही. फ्रेचारोसा आणि इतालोला हे काही लागत नाही, त्यात गाडी आणि सीट ठरलेली असते.

फ्लोरेन्सला तुम्ही सोमवारी पोचणार असाल तर दिवस फिरवा. उफ्फीत्सी हे चित्रांचं म्युझियम आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ती अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद असतात. मुलांबरोबर दोन्ही करू नका, डेव्हिड तासाभरात होतो आणि लहान मुलंही त्याच्याकडे बघत थांबतात, एवढा मोठा आहे तो. दुओमोच्या, म्हणजे तिथल्या कॅथेड्रलच्या, घुमटावर चढायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, ते ११ वर्षांच्या मुलीला आणि बाबांना देऊन टाक. फ्लोरेन्स सासूबाईंना सगळ्यात आवडेल बघ, स्टेशनपासून दुओमोपर्यंत दहा मिनिटं, सगळं सपाट.

---

कंदील

रोममधलं थोडं घालतो. कोलोसियमची तिकिटं अधिकृत साइटवर साधारण ३० दिवस आधी खुली होतात आणि भराभर संपतात, तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. १८ वर्षांखालच्यांना फुकट आहे पण त्यांचंही शून्य रुपयांचं, म्हणजे शून्य युरोचं तिकीट बुकिंगमध्ये घ्यावंच लागतं. तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट जवळ ठेवा. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद, महिन्यातला शेवटचा रविवार सोडून, आणि त्या रविवारी फुकट म्हणून इतकी गर्दी असते की मुलं घेऊन जाऊच नका. सेंट पीटर्सला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बाकी आत जायला पैसे नाहीत.

विमानतळावरून लिओनार्दो एक्सप्रेस थेट तेर्मिनीला येते, ३२ मिनिटं, १४ युरो, आणि एका मोठ्या माणसामागे १२ वर्षांखालचं एक मूल फुकट. म्हणजे तुम्हाला तीनच तिकिटं. टॅक्सीचा दर ठरलेला आहे पण साध्या टॅक्सीत पाच जण बसणार नाहीत. हॉटेल तेर्मिनी आणि कोलोसियमच्या मधल्या मोंती भागात बघा, मेट्रोनं कोलोसियम तेर्मिनीहून दुसरंच स्टेशन. तेर्मिनीत तिकीट मशीनपाशी कुणी मदत करायला पुढे आलं तर नको म्हणा आणि बॅगेवर हात ठेवा.

---

मोगरा७

शाकाहाराचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय. माझे आईवडील तुमच्या सासूबाईंसारखेच आहेत, अंडंही नाही. इटलीत त्यांचे हाल होत नाहीत, उलट युरोपात याच्याइतकं सोपं कुठंच नाही. पिझ्झा मार्गेरिता आहे, मारिनारा आहे, त्यात चीजही नसतं, फोकाच्चा म्हणजे तेल लावलेला चपटा ब्रेड आहे, आणि पास्तात पोमोदोरो म्हणजे टोमॅटोचा किंवा आल्यो ए ओल्यो म्हणजे लसूण-तेलाचा, त्यावर तिखट मागितलं की आपल्या जिभेला बरं लागतं. अंड्याचं मात्र विचारा, ताजा पास्ता बरेचदा अंड्यात मळलेला असतो, सुका स्पगेटी-पेन्ने सहसा नसतो. पार्मेजानो चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, सासूबाई ते पाळत असतील तर वरून चीज घालू नका सांगायचं. मिनेस्त्रोने सूपात मांसाचा रस्सा असू शकतो, तेही विचारा.

मुख्य गोष्ट वेळेची. बरीच चांगली हॉटेलं दुपारी तीनच्या सुमारास बंद होतात ती रात्री सात-साडेसातलाच उघडतात. लहान मुलाला साडेसहाला भूक लागते. तेव्हा पिझ्झा आल ताल्यो, म्हणजे वजनावर मिळणारा पिझ्झा, कात्रीनं कापून देतात, तुकडा केवढा हवा ते हातानं दाखवायचं. माझी आई तेच रोज खायची. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी थोडे पैसे लावतात, ते बसण्या-ब्रेडचे, फसवणूक नाही. रोममध्ये रस्त्यावरच्या नळांना सतत पाणी चालू असतं, ते पिण्याचंच आहे, बाटल्या भरून घ्या.

---

सोनचाफा

मोगरा, चीजचं अजिबात माहीत नव्हतं, सासूबाईंना विचारूनच ठेवते. कंदील, मोंती बघते.

तर आता असं झालंय: रोम चार रात्री, त्यात एक दिवस बाप-लेक पॉम्पेई, फ्लोरेन्स दोन आणि एका सकाळी पिसा, व्हेनिस दोन, तिथूनच परत. एकच शंका राहिली, तिकडे रेल्वेचे संप होतात असं वाचलं, आमच्या प्रवासाच्या दिवशी झाला तर?

---

रुळावरचा

होतात, पण आधी जाहीर होतात, अचानक नाही. संपाला तिकडे शोपेरो म्हणतात. निघायच्या आधी आठवडाभर आणि मग रोज एकदा ट्रेनइतालिया आणि इतालोच्या साइटवर बघा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत रेजिओनाले गाड्या सोडाव्याच लागतात, आणि लांबच्या कुठल्या गाड्या नक्की धावणार त्याची यादीही लावतात. संपामुळे तुमची गाडी रद्द झाली तर पैसे परत मिळतात किंवा दुसऱ्या गाडीत जागा मिळते, स्वस्त तिकीट असलं तरी.

तुमच्या आखणीत संपाचा खरा फटका पिसाच्या सकाळला बसू शकतो, ती हलवता येते. म्हणून फ्लोरेन्समध्ये डेव्हिडचं बुकिंग पहिल्या दुपारचं घ्या आणि दुसरा दिवस मोकळा ठेवा. व्हेनिसची गाडी दुपारी बाराच्या आसपासची बघा, सकाळी घाई नको, आणि चार जण टेबलाभोवती आणि पाचवी सीट पलीकडच्या रांगेत अशी निवडा, बुकिंग करताना डब्याचा नकाशा दिसतो. वाटेत बोलोन्या शहर लागतं, त्याच्या आधी जवळजवळ सगळा बोगदा आहे, त्यामुळे धाकट्याला खिडकीची जागा बोलोन्यानंतर द्या.